व्यक्तिचित्रात माणूस का उतरत नाही? पहिल्या भेटीपासून शेवटच्या हातापर्यंतचा क्रम

"नाक-डोळे सगळं जिथल्या तिथं आहे, पण ही आई वाटत नाही." व्यक्तिचित्रणाच्या वर्गात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की चित्र बघायच्या आधीच विचारतो, "डोळ्यांपासून सुरुवात केलीत का?" बहुतेक वेळा उत्तर "हो" असतं. "समोर बसवून काढलंत की फोटोवरून?" फोटोवरून, आणि तोही कुणाच्या तरी लग्नातला, हसरा.

हात चांगला असलेले लोकही इथेच अडकतात, कारण क्रम उलटा लागलेला असतो. चेहरा आधी पुरा करायचा आणि मग त्यात 'भाव घालायचा', अशी समजूत असते. भाव असा वरून घालता येत नाही. माणसाच्या आत काय चाललं आहे ते आधी त्याच्या बसण्यात दिसतं. मान कुठे कलते, खांद्यांवर किती ओझं आहे, हात कशाला धरून आहेत, ते बघा. चेहरा त्याला नंतर दुजोरा देतो. म्हणून या लेखातला मोठा भाग ब्रश हातात घेण्याआधीचा आहे. तो ओलांडून थेट डोळ्यांच्या टप्प्यावर गेलात, तर तिथलं काहीही उपयोगी पडणार नाही.

तुम्हाला डोक्याची मापं घेता येतात आणि तैलरंग थोडेफार हाताळलेले आहेत, असं मी धरून चालतो. हिशेब पाच बैठकांचा आहे, प्रत्येक बैठक साधारण दोन तासांची. चारकोलनं काढणार असाल तर रंगाचा टप्पा सोडा, बाकी क्रम तोच.

टप्पा १ : पहिली भेट, रिकाम्या हातांनी

पहिल्यांदा जाल तेव्हा कागद-पेन्सिल घरीच ठेवा. तास-दीड तास नुसतं बसा. आजी स्वयंपाकघरात असतील तर ओट्याशेजारी उभे राहून बोला. समोर वही उघडली की माणूस सावध होतो, आणि सावध माणसाचं चित्र तुम्हाला काढायचं नाही.

लक्ष कशावर ठेवायचं?

- ऐकताना मान कुठे कलते, कोणता कान पुढे येतो.
- वाक्य अर्ध्यात सुटलं की नजर कुठे जाते. जमिनीकडे, खिडकीकडे की स्वतःच्या हातांकडे?
- हात रिकामे असले की काय करतात. पदराचं टोक, बांगडी, चष्म्याची काडी, खुर्चीचा हात.
- बसल्यावर भार कोणत्या बाजूला पडतो, खांदे एका रेषेत आहेत का.
- चेहरा विसावला की ओठांची कोपरं वर राहतात, सरळ होतात की खाली येतात.

"तुमच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ कोणता?" असले प्रश्न विचारू नका. त्यांना तयार उत्तर मिळतं आणि चेहराही तयार होतो. कामाबद्दल विचारा. "पुरणाची डाळ शिजली हे तुम्ही कसं ओळखता?" "पहाटेच्या पाळीला डेपोत कसे पोचायचात?" एखादी गोष्ट कशी करतात हे सांगताना माणूस नकळत ती करून दाखवतो. हात हलतात, मान वळते, डोळे बारीक होतात. वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं तेव्हा बाहेर येतं.

त्याच रात्री घरी येऊन पाच-सहा ओळी लिहा. एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांबद्दल मी लिहिलेल्या ओळी अशा होत्या : "खुर्चीच्या कडेवर बसतात. डावा खांदा उतरता. बोलणं थांबलं की अंगठा तर्जनीवर घासतात, तिकीट सुटं करावं तसा. उजव्या कानानं ऐकतात. दारात कुणी आलं की आधी पायांकडे बघतात, मग चेहऱ्याकडे."

सावधान : या टिपणात 'प्रेमळ', 'करारी', 'सोशिक' हे शब्द येऊ देऊ नका. विशेषण लिहिलं की तुम्ही त्या शब्दाचं चित्र काढू लागता. डोळ्यांनी दिसलेलंच लिहा.

टप्पा २ : जागा आणि उजेड

एकच खिडकी, एकाच बाजूचा उजेड. ट्यूबलाइट आणि छतावरचे एलईडी बंद. दोन-तीन दिशांनी उजेड आला की सावल्या एकमेकींना खोडतात आणि चेहरा पुरीसारखा फुगीर दिसतो.

उजेड डोक्याच्या थोडा वरून आणि बाजूनं यायला हवा. खिडकी फार खाली असेल तर तिचा खालचा अर्धा भाग जाड चादरीनं झाका. नाकाची सावली गालावर तिरकी पडली की उजेड बरोबर आहे. ती सरळ खाली ओठांवर उतरत असेल तर माणूस खिडकीपासून थोडा वळवा.

उत्तरेची खिडकी उत्तम, असं सगळीकडे वाचायला मिळतं. आपल्याकडे त्याला एक अपवाद आहे. मुंबई-पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. त्या महिन्यांत खिडकीला पांढरं सुती कापड लावा किंवा बैठक पुढे ढकला. पावसाळ्यातला ढगाळ उजेड व्यक्तिचित्राला फार चांगला, पण ढग सरकले की टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्या, बदलतात. एक वेळ ठरवा आणि पाचही बैठका त्याच वेळी करा.

उजेडाची दिशा आधीच बरंच बोलून जाते. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दीपधारी स्त्रीचं जलरंगचित्र आठवा. उजेड तिच्या हातातल्या दिव्याचा आहे, तो बोटांतून झिरपतो आणि चेहऱ्यावर खालून येतो. ती काय जपते आहे हे चेहऱ्याआधी त्या उजेडातून कळतं. तुम्हाला दिवा द्यायची गरज नाही. पण हा माणूस उजेडाकडे तोंड करून बसतो की पाठ करून, हा प्रश्न मात्र टाळू नका. घरात तो रोज कुठे बसतो ते बघा, उत्तर तिथेच मिळेल.

माणूस तुमच्यापासून सहा ते आठ फुटांवर हवा आणि त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. तुम्ही उभे राहून काढणार असाल तर त्याची खुर्ची पक्क्या पाटावर किंवा दिवाणावर चढवा. वयस्कर माणसाला मात्र वर चढवू नका, तुम्हीच बसा.

तपासा : डोळे बारीक करून समोर बघा. चेहऱ्याचे उजेड आणि सावली असे दोनच भाग दिसले पाहिजेत. तीन-चार तुकडे दिसत असतील तर अजून एखादा दिवा किंवा खिडकी उघडी राहिली आहे.

टप्पा ३ : बैठक शोधायची

सगळ्यात जास्त चित्रं इथे बिघडतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

"नीट बसा" म्हटलं की आपल्याकडची माणसं ओळखपत्राच्या फोटोला बसतात. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर. ते कंडक्टर काकाही पहिल्या दिवशी असेच बसले. मी अर्धा तास त्यांना तसंच काढलं. चेहरा मिळाला, काका मिळाले नाहीत. मग म्हटलं, "काका, चहा घेऊ." ते उठले, परत आले आणि खुर्चीच्या कडेवर तिरके टेकले. एक पाय पुढे, डावा हात वर खिडकीच्या गजाला धरलेला. तीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहिलेल्या माणसाला आधाराला वर काहीतरी लागतंच. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "काका, आत्ता आहात तसेच राहा." चित्र त्या क्षणी सापडलं. आधीचा अर्धा तासही वाया गेला नाही, कारण तो संपल्याशिवाय ते सैलावले नसते.

तर क्रम असा :

१. माणसाला त्याच्या रोजच्या खुर्चीत बसवा. तुमच्या स्टुडिओतली उंच पाठीची खुर्ची नको.
२. पहिली वीस मिनिटं तो हवा तसा, फोटोसारखा बसू दे. रेखाटत राहा, पण त्यावर काही ठरवू नका.
३. "थोडं थांबू या" म्हणा आणि पेन्सिल खरोखरच खाली ठेवा. आता बघा. विश्रांतीत माणूस जसा विसावतो, ती त्याची बैठक, म्हणजे बसण्याची ढब.
४. ती मिळाली की लगेच दोन मिनिटांचं रेखाटन करा आणि मोबाइलवर एक फोटो घ्या. हा फोटो कपड्याच्या घड्या आणि हातांची जागा लक्षात राहण्यापुरता.
५. खुर्चीचे चारही पाय आणि माणसाची पावलं यांच्याभोवती जमिनीवर मास्किंग टेप लावा. पुढच्या बैठकीला याच खुणा वाचवतात.
६. वीस-पंचवीस मिनिटं बैठक, मग पाच-दहा मिनिटं विश्रांती. सत्तरीपुढच्या माणसाला पंधरा मिनिटं पुरेत. थकवा आणि दुःख चेहऱ्यावर फार सारखे दिसतात. थकवा रंगवून तो अंतर्मनाचा भाव समजणं ही नेहमीची फसगत आहे.

कपड्यांवरून घरात चर्चा होणार. आईंना पैठणी नेसायची असते, मुलांना तर हमखासच तसं वाटतं. एकदा पैठणी नेसवून बसवा, एकदा रोजच्या साडीत. कशात खांदे खाली येतात ते बघा. काही बायका पैठणीतच स्वतःच्या वाटतात. तसं असेल तर पैठणीच काढा. दिवसभर चष्मा वापरणाऱ्याचा चष्मा काढायला लावू नका. चष्म्याविना डोळे बारीक होतात, कपाळ आक्रसतं आणि तुम्ही काढता ते फक्त न दिसण्याचे कष्ट.

"आई, हस ना जरा!" म्हणणाऱ्यांना प्रेमानं बाहेर पाठवा. एकच माणूस आत ठेवा, ज्याच्याशी त्या सहज बोलतात तो, आणि त्याला तुमच्या खांद्यामागे बसवा. नजर कुठे जाते आणि कशी निवते, हे त्याच्यावर अवलंबून असतं. नातवाकडे बघणारी आजी आणि चित्रकाराकडे बघणारी आजी या दोन वेगळ्या बायका असतात.

सावधान : बैठक लांबली की मान हळूहळू सरळ होते आणि हनुवटी खाली येते. दर पाच मिनिटांनी पहिल्या रेखाटनाशी ताडून बघा. नाहीतर तुम्ही नकळत माणसाच्या मागे-मागे चित्र बदलत जाता.

टप्पा ४ : पत्त्याएवढी सहा रेखाटनं आणि एक वाक्य

पत्त्याच्या आकाराचे सहा चौकोन आखा. जाड मार्करनं, फक्त काळं आणि पांढरं. चेहऱ्याचे तपशील नकोत. इथे ठरवायचं आहे ते एवढंच, की माणूस चौकटीत कुठे आहे आणि त्याच्याभोवती रिकामी जागा किती आहे.

डोकं चौकटीत वर असलं की माणूस जवळ येतो, जागा भरून टाकतो. डोकं खाली आणि वर बरीच मोकळी भिंत असली की तो एकटा पडतो, त्या खोलीचा होतो. नजर ज्या बाजूला, तिकडे मोकळी जागा सोडली तर माणूस कशाची तरी वाट बघतो. तीच जागा पाठीमागे सोडली तर काहीतरी मागे टाकून आल्यासारखा दिसतो. हे नियम नव्हेत, करून बघा. सहापैकी एकाकडे नजर पुन्हा-पुन्हा जाते, तेच ठेवा.

आता एक वाक्य लिहून ईझलला, म्हणजे कॅनव्हासच्या घोडीला, चिकटवा. त्यात क्रियापद हवं. कंडक्टर काकांसाठी माझं वाक्य होतं : "बसला आहे, पण उतरायच्या तयारीत." पुढे हात रंगवायचा की नाही, मागची खिडकी ठेवायची की नाही, असे प्रश्न आले की या वाक्याला विचारायचं.

टप्पा ५ : साहित्य

- १८ × २४ इंचाचा कॅनव्हास. हात दाखवणार असाल तर २४ × ३०. पांढऱ्यावर बर्न्ट अंबरचा पातळ हात देऊन आदल्या दिवशी वाळवलेला.
- चपटे आणि फिल्बर्ट (गोलसर टोकाचे) हॉगहेअर, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे ब्रश, ८ ते १२ नंबर. बारीक ब्रश चौथ्या बैठकीपर्यंत पिशवीतच.
- अस्तराचा बर्न्ट अंबर सोडला तर रंग सहाच : टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, आयव्हरी ब्लॅक.
- विलो चारकोल, जवसाचं तेल, टर्पेंटाइन, हातआरसा.

सुरुवातीचे थर टर्पेंटाइननं पातळ, वरचे थर तेलाचे. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो.

सावधान : टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी, आणि समोर दम्याचा त्रास असलेली व्यक्ती असेल तर ते अजिबात वापरू नका. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात टाका.

टप्पा ६ : आखणी, डोळ्यांशिवाय

दुसरी बैठक पूर्ण याच कामाला.

१. चारकोलनं एकच रेषा : डोक्याच्या टोकापासून मान, खांदा, कोपर ते बसण्यापर्यंतचा कल. ती हलक्या हातानं, पण खात्रीनं ओढा.
२. दोन्ही खांद्यांचा उतार. खांदे आडव्या रेषेत फार क्वचित असतात, नवखा हात मात्र ते नेहमी आडवे काढतो. कंडक्टर काकांचं अर्धं चित्र त्या उतरत्या डाव्या खांद्यातच होतं.
३. डोक्याचा पूर्ण अंडाकार, केसांसकट. डोळ्यांची रेष कवटीच्या मध्यावर येते. ती वर सरकवण्याची चूक बहुतेकांकडून होते, कारण कपाळ आणि केस यांत आपल्याला रस नसतो.
४. डोक्याचा मधला अक्ष आणि त्यावर आडव्या खुणा : भुवया, नाकाचं टोक, ओठांमधली फट, हनुवटी. डोळे अजूनही काढायचे नाहीत. खोबणीच्या जागी नुसती सावली.

चित्रातलं डोकं प्रत्यक्षापेक्षा किंचित लहान ठेवा. कॅनव्हास तुमच्या जवळ आणि माणूस लांब असल्यानं पूर्ण आकाराचं डोकं अंगावर येतं.

तपासा : कॅनव्हास दहा फूट लांब ठेवून घरातल्या कुणाला तरी दाखवा. डोळे-नाक नसताना "अरे, हे तर काका" असं म्हणणं आलं, तर पुढे जा. नसेल आलं तर रंगाकडे वळू नका. ओळखीचा माणूस गल्लीच्या टोकाला पाठमोरा दिसला तरी आपण त्याला ओळखतो ना? ते ओळखणं या आखणीत असलं पाहिजे.

टप्पा ७ : उजेड आणि सावली

तिसरी बैठक. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिळून एक गडद रंग बनवा, पातळ करा आणि सगळी सावली एकाच टोननं भरा. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, वरचा ओठ, हनुवटीखालची मान, सगळं एकत्र. सावलीच्या आत काही रेखाटायचं नाही.

इथे एक भीती आड येते. डोळे सावलीत गेले तर भाव हरवेल, असं वाटतं. डच चित्रकार रेम्ब्रांटचं तरुणपणीचं, सुमारे १६२८ मधलं आत्मचित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात उजेड गालाच्या आणि मानेच्या कडेवर पडला आहे आणि डोळे केसांच्या सावलीत जवळजवळ बुडालेले आहेत. तरीही तो आपल्याकडे बघतो आहे याची जाणीव एक क्षणही सुटत नाही. बघणारा सावलीत शिरून शोधतो, त्याला तेवढी जागा ठेवा.

टप्पा ८ : त्वचेचा रंग

"जरा उजळ करा हो" ही विनंती तुम्हाला होणारच. ती मान्य करू नका, आणि न मागताही करू नका. सावळ्या चेहऱ्यात पांढरा मिसळत गेलं की तो राखेसारखा होतो, आणि ज्या उन्हातान्हात माणूस जगला तेही पुसलं जातं. उजळपणा हवाच असेल तर मागची भिंत गडद करा, चेहरा आपोआप पुढे येईल.

कपाळ थोडं पिवळसर, गाल-नाक-कान हा मधला पट्टा तांबूस, आणि ओठांखालचा भाग किंचित करडा किंवा हिरवट, विशेषतः दाढीच्या जागी. हे तीन पट्टे मनात ठेवून मिश्रणं करा. सावळ्या त्वचेवरची चमक खिडकीच्या आभाळाची असते, म्हणून ती थंड, निळसर छटेची. नुसत्या पांढऱ्याचा ठिपका तिथे टिकलीसारखा दिसतो. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या रेषांनी काढू नका. सुरकुती म्हणजे एक बारीक घडी, तिला उजेडाची आणि सावलीची अशा दोन बाजू असतात. दोन-तीन मुख्य घड्या पुरे. सगळ्या काढल्या तर वय दिसेल, माणूस दिसणार नाही.

टप्पा ९ : डोळे

चौथी बैठक. आता बारीक ब्रश बाहेर काढा.

दोन्ही डोळे सारखे नसतात. हातातला कागद चेहऱ्याच्या मधोमध धरून आधी एक बाजू झाका, मग दुसरी. बहुतेकांच्या चेहऱ्यात एक बाजू जगाला सामोरी जाणारी असते आणि दुसरी थोडी आत वळलेली. एक पापणी जास्त उतरलेली, एक भुवई चढलेली. आपण सवयीनं दोन्ही डोळे जुळवून टाकतो आणि माणसातला हा ताण तिथेच संपतो. फरक दिसला तर तो ठेवाच.

काही नेमक्या गोष्टी :

- वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग झाकते. पूर्ण गोल बुबुळ काढलंत तर माणूस दचकलेला दिसतो.
- डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, म्हणून तो करडा, म्हाताऱ्या माणसात पिवळसर.
- खालच्या पापणीला जाडी असते आणि त्या कडेवर ओल असते. ती ओल एका बारीक, फिक्या फटकाऱ्यात येते.
- चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत खिडकीच्या बाजूलाच, आणि बहुधा एकात जास्त ठळक.
- भाव बुबुळात शोधू नका. तो पापणीच्या वजनात आणि भुवईच्या आतल्या टोकात असतो. काळजी करणाऱ्या माणसाच्या भुवयांची आतली टोकं किंचित वर आणि जवळ ओढलेली राहतात, काळजी नसतानाही.

तपासा : हातआरशात चित्र उलटं बघा. डोळे एकाच ठिकाणी बघत आहेत का? एक जरी भरकटला असेल तर पापणीला हात लावू नका, बुबुळाची जागा बदला.

टप्पा १० : ओठ

घरच्या लोकांना चित्र दाखवलं की पहिली तक्रार ओठांबद्दल येते, कारण आपल्या माणसाचे ओठ आपण आयुष्यभर वाचत आलेलो असतो.

ओठांची बाह्यरेषा काढू नका. दोन ओठांमधली फट आधी रंगवा, ती सगळं सांगते. मग वरचा ओठ, जो बहुधा सावलीत असतो, आणि खालच्या ओठाखालची सावली. खालच्या ओठाला बहुतेक वेळा वेगळा रंग लागतही नाही.

ओठांची कोपरं आणि डोळ्यांची बाहेरची कोपरं मऊ ठेवा. मोनालिसात लिओनार्दोनं नेमक्या याच जागा धूसर सोडल्या आहेत. म्हणून ती कधी हसते आहे असं वाटतं आणि कधी नाही. कोपरा धारदार केला की भाव एका जागी गोठतो.

हसू हवं असेल तर ते ओठांपासून सुरू करू नका. खऱ्या हसण्यात गाल वर चढतो, खालची पापणी दाटते आणि डोळ्याच्या बाहेरच्या टोकाला घड्या पडतात. डोळे तसेच ठेवून फक्त ओठ ताणलेत तर पाहुण्यांपुढचं हसू येतं. माझं मत विचाराल तर पहिली पाच-दहा चित्रं तरी हसण्याशिवाय काढा. मिटलेल्या ओठांत बघण्यासारखं खूप असतं.

टप्पा ११ : हात

हात दाखवणार असाल तर त्यांना चेहऱ्याइतका वेळ द्या, नाहीतर चौकटीबाहेर ठेवा. बोटं एकेक काढू नका. पंजा हा एक आकार, चार बोटं मिळून दुसरा, अंगठा तिसरा. ज्याला धरलं आहे ती वस्तू आधी रंगवा. अडकित्ता, काठीची मूठ, खिडकीचा गज. पकड किती घट्ट आहे हे त्या वस्तूमुळेच समजतं. हाताचा टोन चेहऱ्याहून अर्धी पायरी खाली ठेवा, म्हणजे नजर आधी वर जाईल.

टप्पा १२ : कडा, आणि ब्रश खाली ठेवणं

पाचव्या बैठकीत नवीन काही काढायचं नाही. कुठली कड धारदार आणि कुठली विरलेली, एवढंच ठरवायचं. ईझलवरचं वाक्य वाचा. त्या वाक्याचा जिथे मुक्काम आहे तिथे एक-दोन धारदार कडा. काकांच्या चित्रात गजाला धरलेली बोटं आणि डाव्या भुवईचं टोक एवढंच मी धारदार ठेवलं. केस भिंतीत विरघळले, उजवा खांदा सावलीत गेला, शर्टाची बटणं दोनच राहिली.

प्रत्येक बटण, प्रत्येक केस, चष्म्याच्या फ्रेमवरची अक्षरं सारख्याच निगुतीनं रंगवली, की नजर कुठेच विसावत नाही. मेहनत वाया गेली असं वाटलं तरी ओला ब्रश फिरवून टाका.

थांबायचं कधी? सलग तीन फटकारे असे मारलेत, ज्यांनी चित्र बदललं पण सुधारलं नाही, की थांबा. चित्र भिंतीकडे तोंड करून आठवडाभर ठेवा. मग ज्याचं चित्र आहे त्याला दाखवा आणि "आवडलं का?" विचारू नका. तो चित्राकडे बघत असताना त्याच्याकडे बघा. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांचा डावा हात हळूच वर गेला आणि दाराच्या चौकटीला टेकला.

फोटोवरूनच करावं लागलं तर

गेलेल्या माणसाचं चित्र करून द्या, असं सांगत लोक येतात आणि हातात पासपोर्ट आकाराचा एकच फोटो असतो. नाही म्हणणं कठीण असतं. तेव्हा असं करा.

एका फोटोवर थांबू नका. घरातले सगळे अल्बम मागवा. अस्पष्ट, पाठमोरे, गर्दीतले फोटोही हवेत. खांद्यांचा उतार आणि मानेचा कल अशाच फोटोंत सापडतो, कारण त्या वेळी माणसाला कुणी "इकडे बघा" म्हणालेलं नसतं. चेहऱ्याची मापं मात्र लांबून काढलेल्या फोटोवरून घ्या. हातभर अंतरावरच्या मोबाइल फोटोत नाक मोठं होतं आणि कान मागे सरकतात. जिवंत माणसाचा फोटो घेणार असाल तर सहा-आठ फूट लांब उभे राहून झूम करा, फ्लॅश बंद.

मग घरच्यांना बसवा आणि पहिल्या टप्प्यातले प्रश्न त्यांना विचारा. "बाबा पेपर वाचताना कसे बसायचे?" मुलगा सांगता सांगता तसा बसून दाखवतो. अनेकदा तो हुबेहूब तसाच बसतो, त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. तिथेच रेखाटून घ्या. बैठक मुलाची, चेहरा बाबांचा. उजेड मात्र फोटोतल्या दिशेनंच घ्या, नाहीतर डोकं धडावर चिकटवल्यासारखं दिसेल.

चित्र देताना सांगून ठेवा, की तैलरंग पूर्ण वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर काच नको, वॉर्निश नको. हार घालायचाच असेल तर चौकटीच्या वर वेगळा खिळा ठोकून त्यावर घाला, म्हणजे फुलांची ओल रंगाला लागणार नाही.